नारिंगी केसांवर जांभळा शाम्पू?
रंगवलेल्या काळ्या केसांना ब्लीच केल्यावर उरणारी नारिंगी झाक जांभळ्या शाम्पूने जाते, हा समज जुना असला तरी चुकीचा आहे. ब्लीचमुळे केसांतले गडद रंगद्रव्य आधी विरते आणि तांबूस-पिवळे, अधिक चिवट रंगद्रव्य जुन्या डायच्या अवशेषांसह मागे राहते. रंगचक्रात (रंगांच्या वर्तुळात) समोरासमोर येणारे रंग एकमेकांना मारतात. त्यात जांभळ्यासमोर पिवळा येतो, नारिंगीसमोर निळा; म्हणून पांढऱ्या टॉवेलवर उजेडात धरलेली बट केळ्याच्या सालीसारखी दिसली तरच जांभळा शाम्पू उपयोगी, गाजरासारखी दिसली तर निळ्या छटेचा टोनर, म्हणजे केसांची झाक बदलणारा तात्पुरता रंग, हवा. (टोनर ती झाक फक्त झाकतो आणि काही आठवड्यांत धुऊन जातो.) लगेच पुन्हा ब्लीच करण्याची घाई मात्र मला धोक्याची वाटते, कारण ओली बट रबरासारखी ताणली जाऊ लागली, की केस तुटण्याच्या बेतात असतात.