भिडेखातर लिहिलेलं खरेदीखत

क्वेकर हा इंग्लंडमध्ये सुरू झालेला एक ख्रिस्ती पंथ. त्यांच्या जुन्या पद्धतीच्या उपासनेत पुरोहित नसतो आणि प्रवचनही नसतं. साधारण तासभर सगळे बाकांवर गप्प बसतात. कुणाला आतून प्रेरणा झाली तर तो उठून बोलतो. नाहीतर सभा मौनातच संपते. इंग्लंडमधल्या अल्व्हरस्टनच्या चर्चमध्ये १६५२ साली पंथाचा संस्थापक जॉर्ज फॉक्स याने विचारलं होतं: ख्रिस्त काय म्हणाला, प्रेषित काय म्हणाले ते सांगता; तुमचं स्वतःचं काय म्हणणं आहे? ही पद्धत त्याच प्रश्नातून वाढली.

पण आतून आलेलं आणि नुसतं सुचलेलं, यांतला फरक ओळखायचा कसा? रीत अशी की उठण्याआधी थांबायचं. हे सभेसाठी आहे की माझ्यापुरतं? आधीच्या माणसाला उत्तर द्यायची खुमखुमी तर नाही ना? एकाचं बोलून झालं की दुसऱ्याने लगेच उठायचं नाही. सगळ्यात जास्त घात होतो तो प्रेरणा संपल्यावरही बोलत राहण्याने. अमेरिकेतल्या न्यू जर्सीचा क्वेकर जॉन वुलमन (१७२०-१७७२) सभेत पहिल्यांदा बोलला तेव्हा असंच झालं. गरजेपेक्षा चार शब्द जास्त बोललो, ही टोचणी त्याला कित्येक दिवस छळत होती. सुमारे सहा आठवड्यांनी तो पुन्हा उठला, मोजकंच बोलला आणि बसला.

मनातलं खरं भिडेपोटी गिळायचं का, याची खरी परीक्षा मात्र सभेबाहेर, दुकानात झाली. वुलमन माउंट हॉलीत नोकरीला होता. धन्याने त्याला एका गुलाम स्त्रीचं खरेदीखत लिहायला सांगितलं. घेणारा पंथातलाच एक वृद्ध, आणि तो समोरच ताटकळत उभा. वुलमनने खत लिहिलं; पण गुलाम बाळगणं ख्रिस्ती धर्मात बसत नाही, असं दोघांच्या तोंडावर सांगितलं. पुढच्या वेळी त्याने सरळ नकार दिला. मृत्युपत्रांबाबतही तेच. एका जखमी शेजाऱ्याचं मृत्युपत्र त्याने गुलामाचं कलम तेवढं सोडून लिहून दिलं आणि कारणही सांगितलं. बोलणं झालं, शेजारी त्या गुलामाला मुक्त करायला तयार झाला, तेव्हा कागद पुरा केला. लेखनाचा मेहनताना अशाने बुडतो, हे वुलमनला पक्कं ठाऊक होतं.

पेनसिल्व्हेनियात जर्मनटाउनच्या चौघा क्वेकरांनी १६८८ मध्येच गुलामीविरुद्ध अर्ज दिला होता. तो पंथाचा कारभार पाहणाऱ्या एका सभेकडून वरच्या सभेकडे सरकत गेला आणि बाजूला पडला. १७३८ मध्ये बेंजामिन ले या क्वेकराने बर्लिंग्टनच्या वार्षिक सभेत गुलामीच्या निषेधासाठी पोकळ पुस्तकात रक्तासारख्या लाल रसाची पिशवी लपवली आणि त्यात तलवार खुपसली. पंथाने त्याला बाहेर काढलं. लेचं म्हणणं खरंच होतं, आणि आजही आधी तोच आठवतो. पण सभा हलवली ती वुलमनसारख्यांच्या चिवट, अदबीच्या नकारांनी, असं आमचं मत. १७५८ मध्ये फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेने गुलामांची खरेदी-विक्री करणाऱ्यांना पंथाच्या कारभारातून दूर ठेवलं आणि गुलाम बाळगणाऱ्यांच्या घरोघर जाऊन बोलायला माणसं नेमली. त्यांत वुलमनही होता. गुलाम न सोडणाऱ्यांना पंथातून काढायचा ठराव व्हायला मात्र १७७६ उजाडलं.