जुन्या सायकलचे ब्रेक : सळई, वायर आणि '२८'चा घोळ

खानदेशात माळ्यावरच्या, गोठ्यातल्या जुन्या सायकली पुन्हा खाली निघू लागल्यात. रंग, क्रोम, घंटी, डायनामो इथपर्यंत सगळं जमतं. घोडं अडतं ते ब्रेकवर. लिव्हरची ओढ सळईने चाकापर्यंत नेणारे मूळचेच ठेवायचे की वायरचे बसवायचे?

सुरुवातीला ब्रेक म्हणजे थेट टायरवर दाबला जाणारा चमचा. १८८८ नंतर हवेचे टायर आले, चमच्याने ते झिजू लागले, म्हणून घासायची जागा रिमवर गेली. ब्रेकची वायर इंग्लंडात एकोणिसावं शतक संपायच्या आतच निघाली होती, तरी आपल्याकडे रुजली ती सळई. कारण साधं होतं. वायर तुटली की नवीच लागते. सळई वाकली तर गावातला लोहारही सरळ करून देतो.

सत्तर-ऐंशीच्या दशकांत दूधवाल्यांपासून मास्तरांपर्यंत सगळे याच सायकलींवर. तापीकाठची जमीन सपाट, त्यामुळे ब्रेक ढिला असला तरी कोणी फारसं मनावर घेत नसे. दांड्याखालून पाय घालून भाड्याची सायकल हाणणारी पोरं तर चप्पल चाकावर घासूनच थांबायची. कन्नड घाट उतरून चाळीसगावला येणाऱ्याला मात्र ढिला ब्रेक लगेच कळायचा. त्यातून पावसात क्रोमची रिम ओली झाली की रबर नुसता घसरतो, आणि खानदेशी उन्हात वर्षानुवर्षं राहून तो लाकडासारखा कडक होतो.

आता मुख्य घोळ. सळईच्या ब्रेकचे रबर रिमला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरत नाहीत. हबकडून, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याकडून, टायरच्या दिशेने ओढले जाऊन ते रिमला आतून लागतात. त्या रिमच्या बाजू गोलसर असतात. वायरच्या चिमटा-ब्रेकला लागते सपाट बाजू. म्हणजे वायर हवी तर रिमही बदलायची. पण दुकानात '२८ची रिम द्या' म्हटलं की गोंधळ सुरू. आपल्या जुन्या सायकलीची २८ × १½ इंची म्हणजे टायर जिथे बसतो तिथला व्यास ६३५ मिलीमीटर. आजकालची ७०० सी, जिलाही कुणी २८च म्हणतं, ती ६२२ची. फरक १३ मिलीमीटरचा, म्हणजे प्रत्येक बाजूला साडेसहा. ऐकायला किरकोळ, पण ब्रेकचे रबर तेवढेच खाली सरकवावे लागतात आणि टायर-ट्यूबही वेगळे घ्यावे लागतात. २८ × १½ आजही तालुक्याच्या बाजारात मिळतो, ही सोय मग हातची जाते.

दुसरी अडचण चाकाच्या तारांची, म्हणजे स्पोकची. या सायकलींना पुढे ३२ आणि मागे ४० तारा. हल्लीचे बरेचसे हब ३६ छिद्रांचे. मूळ रिम ठेवून हबमध्येच ड्रम ब्रेक बसवावा, ही कल्पना चांगली, पण मोजणीपाशीच ती अडते.

वायरवाल्यांचं म्हणणं अगदीच चूक नाही. सपाट बाजूची अॅल्युमिनियमची रिम पावसात क्रोमपेक्षा खरंच बरी धरते. पण त्यासाठी सायकलीचं रूप, चाकं, टायर सगळंच बदलायचं असेल, तर जुनी म्हणून उरतो तो नुसता सांगाडा. शिवाय सळई बदनाम झाली ती बहुतेक झिजलेल्या सांध्यांमुळे. मागच्या ब्रेकची ओढ हँडलपासून निघून पायडलच्या एक्सलजवळ वळते आणि मग चाकाकडे जाते. वाटेतल्या प्रत्येक पिनेत थोडी ढील आली, की लिव्हर हँडलला टेकतो तरी रबर रिमपर्यंत पोचत नाही. वर चाकाला आऊट असेल, म्हणजे ते फिरताना डगमगत असेल, तर रबर मुद्दाम लांब ठेवावे लागतात आणि उरलीसुरली ओढही वाया जाते.

म्हणून जुने मिस्त्री रिमकडे नंतर बघतात. आधी एकाला लिव्हर दाबायला सांगतात आणि आपण खाली उकिडवे बसून त्या वळणावरच्या पिनेवर बोट ठेवतात. तिथून चाकाकडे जाणारी सळई हलायच्या आधी पीन कुरकुरली, तर पिना आणि बुश नवे, आऊट काढायचा, रबर बदलायचे. एवढ्यावर बहुतेक सायकली रस्त्याला लागतात.