हस्तलिखित गणिती चिन्हे आणि गुणदान

गणिताच्या उत्तरपत्रिकेत विद्यार्थ्याने हाताने लिहिलेले अंक, अक्षरे व चिन्हे परीक्षक कशी वाचतो आणि त्या वाचनामुळे गुण कसे बदलतात, हा या नोंदीचा विषय आहे. छापील चिन्हाबद्दल वाद होत नाही. घाईत लिहिलेले 'एक्स' मात्र गुणाकाराच्या फुलीसारखे दिसते, 'झेड' दोनसारखा आणि 'बी' सहासारखा.

मुंबईत यात आणखी भर पडते. मराठी शाळेत देवनागरी अंक गिरवून पुढे आंतरराष्ट्रीय अंकांकडे वळलेल्या मुलांचा हात कधी कधी जुन्या वळणावर जातो. देवनागरी १ आणि इंग्रजी नऊ, ४ आणि इंग्रजी आठ, ५ आणि इंग्रजी चार यांची वळणे इतकी जवळची आहेत, की एकाच उदाहरणात दोन्ही लिप्यांचे अंक मिसळले तर बरोबर उत्तरही चूक वाटते. शिवाय अकरावीच्या एकाच वर्गात राज्य मंडळ, सीबीएसई व आयसीएसई अशा तिन्हींकडची मुले बसतात. राज्य मंडळाच्या भूमितीत रेषाखंडासाठी 'रेख' लिहितात आणि त्याच्या लांबीसाठी वेगळी खूण वापरतात; रेषाखंड एकरूप (≅) असतात, लांबी समान (=) असते. सीबीएसईच्या शाळांत चालणाऱ्या एनसीईआरटीच्या पुस्तकांत सोयीसाठी दोन्हींना एकच खूण चालते. दोन्ही पद्धती शुद्ध आहेत. मुलगा ज्या पद्धतीत शिकला तिच्यासाठी त्याचा गुण कापणे हा अन्याय आहे.

अर्थ बदलतो तो खुणेच्या आवाक्यामुळे. वर्गमुळाची आडवी रेघ ९ + १६ या पूर्ण राशीवर असेल तर उत्तर ५ येते. ती ९ वरच थांबली तर १९. रेघ आखूड पडली आहे, पण पुढच्या ओळीत √२५ लिहिले आहे, म्हणजे विद्यार्थ्याच्या मनात पूर्ण राशीच होती. अनुभवी परीक्षक संदिग्ध चिन्हाचा निकाल असा पुढच्या ओळीवरून लावतो. ऋण चिन्हानंतर गाळलेल्या कंसालाही हीच कसोटी लागते: पुढच्या पायरीत चिन्हे नीट बदलली असतील तर चूक लेखनाची, नसतील तर गणिताची.

बरोबरीच्या चिन्हाबाबत मतभेद अधिक आहेत. १५५७ मध्ये रॉबर्ट रेकॉर्ड यांनी दोन समांतर रेघांची ही खूण छापली, कारण त्यांच्या मते अशा दोन रेघांहून सारख्या दोन गोष्टी असूच शकत नाहीत. विद्यार्थी मात्र '३ + ५ = ८ × २ = १६' अशी साखळी लिहितात. मनातली क्रिया बरोबर असते, पण कागदावर ८ आणि १६ समान ठरतात. शाब्दिक उदाहरणात इथे खूण करून सोडून द्यावे. समीकरणाच्या किंवा सिद्धतेच्या प्रश्नात मात्र गुण कापणे योग्य, कारण तिथे बरोबरी हाच तपासण्याचा विषय असतो.

परीक्षकांतील तफावत जुनी आहे. डॅनियल स्टार्च व एडवर्ड इलियट यांनी १९१३ मध्ये अमेरिकेत भूमितीची एकच उत्तरपत्रिका शंभरावर शिक्षकांकडून तपासून घेतली, तेव्हा गुण तिसाच्या खालपासून नव्वदीच्या वरपर्यंत पसरले. ही तफावत कमी व्हावी म्हणून राज्य मंडळात परीक्षकावर नियामक आणि त्याच्यावर मुख्य नियामक असतो, आणि नमुना उत्तरांत पायरीनिहाय गुण ठरलेले असतात.

मुंबई विद्यापीठाने २०१७ मध्ये उत्तरपत्रिका स्कॅन करून संगणकाच्या पडद्यावर तपासायला सुरुवात केली. त्या वर्षीचे निकाल रखडले म्हणून ही पद्धत लोकांच्या लक्षात राहिली. गणितापुरता प्रश्न वेगळा आहे. फिकट शाईतला दशांशबिंदू, पेन्सिलीची बारीक रेघ किंवा अवकलनाची छोटी तिरकी खूण कागदावर दिसते तितकी प्रतिमेत दिसेलच असे नाही. दहावी-बारावीच्या विद्यार्थ्याला मंडळाकडून उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागता येते. गुणपडताळणीत बेरीज आणि तपासायचे राहिलेले प्रश्न पाहिले जातात. चिन्ह चुकीचे वाचले गेल्याची शंका असेल तर छायाप्रत घेऊन पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करावा लागतो.