लिफ्ट किटने मागचा डिफरन्शियल वर जात नाही

घोडबंदर रोडचे खड्डे बघून पिकअपवाले हमखास सांगतात, ‘दोन इंची लिफ्ट किट टाक, गाडी खाली घासणारच नाही.’ हे अर्धंच खरं. मागे पाटे (पट्ट्यांची स्प्रिंग) असलेल्या पिकअपमध्ये किटचा ब्लॉक (उंची वाढवणारा ठोकळा) बसतो अ‍ॅक्सल (मागच्या चाकांमधला आडवा दांडा) आणि पाट्यांच्या मध्ये. चॅसी, बॉडी, बंपर वर जातात. डिफरन्शियलचा, म्हणजे दोन्ही चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरचा, फुगीर गोळा मात्र अ‍ॅक्सलसोबत होता तिथेच राहतो, आणि दगडाला आधी टेकतो तोच. त्याला उचलतात ते मोठे टायर, तेही निम्म्याने: व्यास 2 इंच वाढला तर 1 इंच.

सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्वतः किट बसवणार असाल तर पाटे आवळून धरणारे जुने यू-बोल्ट परत लावू नका. चाकं लोंबकळत असतानाच ब्रेकचा होज ताणला जातोय का बघा. अलाइनमेंट तर करावंच लागतं. आणि माल जास्त उचलेल म्हणाल, तर आरसीवरचा वजनाचा आकडा तसूभरही हलत नाही.