चार कार्बनचं वलय आणि निळा दिवा

बाळंतशेपा चावल्यावर जो खास वास येतो, त्यात मोठा वाटा कार्व्होन या रेणूचा. इटलीत बोलोन्याला रसायनशास्त्रज्ञ जाकोमो चामिचान आणि त्यांचे सहकारी पाउल झिल्बर यांनी हे कार्व्होन काचेत भरून वर्षभर उन्हात ठेवलं. अगदी गच्चीवर वाळवण घालावं तसं! १९०८ साली त्यांनी कळवलं, की यातून नवाच पदार्थ तयार झाला आहे. रेणूतले दोन दुहेरी बंध एकमेकांना जोडले जाऊन चार कार्बनचं वलय बनलं होतं.

हे वलय फार अवघडलेलं असतं. कार्बनच्या बंधांना १०९ अंशांचा कोन सोयीचा, इथे तो ९० च्या आसपास दाबला जातो. नुसती उष्णता देऊन असे दोन दुहेरी बंध सहसा जुळतच नाहीत. त्यांच्या इलेक्ट्रॉनांची ठेवणच आड येते. प्रकाशानं एक इलेक्ट्रॉन वरच्या पातळीवर गेला, की तीच ठेवण जुळून येते. कडक उन्हात आपल्या त्वचेतल्या डीएनएमध्ये नेमकं हेच होतं: शेजारच्या दोन थायमिनांमध्ये (थायमिन हा डीएनएचा एक घटक) असंच चौकोनी वलय तयार होतं आणि पेशीला ते दुरुस्त करत बसावं लागतं.

औषधशास्त्रज्ञांना मात्र हे वलय हवं असतं. बेंझिनसारखी चपटी वलयं थाळ्यांसारखी एकावर एक रचली जातात, त्यामुळे असे रेणू पाण्यात नीट विरघळत नाहीत. चौकोनी वलय किंचित दुमडलेलं असतं आणि त्याला जोडलेले अणूंचे गट ठरावीक दिशेनं रोखून धरतं. कर्करोगावरच्या कार्बोप्लॅटिन आणि अ‍ॅपालुटामाइड या औषधांत ते आहे. ही वलयं तुलनेनं साधी, ती बनवायला दिवा लागत नाही. गुंतागुंतीची वलयं हवीत तेव्हा खरी पंचाईत, कारण बहुतेक सेंद्रिय रेणू दृश्य प्रकाश शोषतच नाहीत. अतिनील किरण वापरावे, तर नाजूक रेणूंचे भलतेच बंध तुटतात.

२००८ मध्ये अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या तेशिक यून यांच्या गटानं मधे दलाल बसवला: रुथेनियम या धातूचं नारिंगी संयुग. ते निळा प्रकाश शोषतं, द्रावणात घातलेल्या अमाइनकडून (नायट्रोजन असलेल्या संयुगाकडून) एक इलेक्ट्रॉन घेतं आणि तो वलय बनवणाऱ्या रेणूच्या हाती देतं. इथे अतिनील दिवा लागलाच नाही. साध्या उन्हातही काम झालं. चामिचान असते तर खूश झाले असते.

कारखान्यात अडचण वेगळीच. रंगीत द्रावणात प्रकाश काही मिलिमीटरच शिरतो, मोठ्या पिंपाचा गाभा अंधारातच राहतो. म्हणून हल्ली द्रावण बारीक पारदर्शक नळ्यांतून एलईडींसमोरून वाहत नेतात.