वनौषधींची कर्करोगरोधक चाचणी (बेळगाव सीमाभाग)

परंपरेने औषधी मानलेल्या वनस्पतींच्या अर्काने कर्कपेशींची वाढ थांबते का, हे प्रयोगशाळेत तपासण्याची पद्धत. बेळगावच्या सीमाभागात या कामाला दोन गोष्टींचा आधार आहे. एक म्हणजे खानापूर तालुक्यातले जांबोटी, कणकुंबी, लोंढा या बाजूचे सह्याद्रीचे जंगल. दुसरी म्हणजे बेळगाव शहरातली भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची संस्था. ती २००६ मध्ये सुरू झाली आणि आज पारंपरिक वैद्यकाची राष्ट्रीय संस्था म्हणून ओळखली जाते.

सुरुवात वनस्पतीची ओळख पटवण्यापासून होते. फुलाफळासह वाळवलेला नमुना वनस्पती संग्रहालयात ठेवतात. तो नसेल तर पुढच्या निष्कर्षांवर विसंबता येत नाही. साल, मूळ किंवा पाने सावलीत वाळवून त्यांची भुकटी करतात आणि पाणी, अल्कोहोल अशा द्रावकांत अर्क काढतात. वैद्य काढा देत असेल तर पाण्यातला अर्क तपासलाच पाहिजे. अनेक शोधनिबंधांत नेमका तोच नसतो.

अर्क वेगवेगळ्या प्रमाणांत कर्कपेशींवर सोडून साधारण दोन-तीन दिवसांनी जिवंत पेशी मोजतात. एमटीटी या प्रचलित चाचणीत जिवंत पेशी पिवळ्या रसायनाचा जांभळा रंग करतात. हिरड्यासारख्या तुरट वनस्पतींतली द्रव्ये पेशींशिवायही हा रंग आणू शकतात, म्हणून पेशी नसलेला नुसता अर्कही सोबत तपासावा लागतो. निम्म्या पेशींची वाढ थांबवणारे प्रमाण निकष म्हणून वापरतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या निकषानुसार कच्च्या अर्कासाठी ते मिलिलिटरला सुमारे २० मायक्रोग्रॅमच्या आत असावे लागते. त्याच प्रमाणात निरोगी पेशीही मरत असतील, तर तो अर्क केवळ विषारी ठरतो.

बशीतल्या पेशींपासून औषधापर्यंतचे अंतर किती असते, हे नरक्या या झाडावरून कळते. त्याच्या लाकडात आणि मुळांत कॅम्प्टोथेसिन हे कर्कपेशींची वाढ रोखणारे द्रव्य असते. ते वॉल आणि वाणी या शास्त्रज्ञांनी १९६६ मध्ये एका चिनी वृक्षातून वेगळे केले. १९७२ मध्ये ते नरक्यातही सापडल्याची नोंद झाली. सुरुवातीच्या मानवी चाचण्या दुष्परिणामांमुळे थांबवाव्या लागल्या. पेशीविभाजनात डीएनएचा पीळ सैल करणाऱ्या टोपोआयसोमरेज-१ या विकरावर (एन्झाइमवर) ते आघात करते, हे १९८५ मध्ये उमगले. त्यापासून बनवलेल्या टोपोटेकान आणि इरिनोटेकान या औषधांना अमेरिकेत १९९६ मध्ये मान्यता मिळाली. शोधापासून मान्यतेपर्यंत तीस वर्षे गेली. म्हणूनच नुसत्या पेशीचाचणीवरून ‘कॅन्सरवर रामबाण मुळी’ अशी बातमी देणे रुग्णावर अन्याय आहे. ती वाचून कोणी चालू उपचार सोडले, तर गेलेला वेळ भरून निघत नाही.

नरक्याची दुसरी बाजू जंगलाची आहे. मागणी वाढली तशी सह्याद्रीत ही झाडे मुळासकट तोडली गेली. त्यामुळे चाचणीसाठी पाने चालत असतील तर मुळांना हात लावू नये, हे संशोधकांनी कटाक्षाने पाळायला हवे. जैवविविधता कायदा, २००२ नुसार अशा संपत्तीच्या व्यापारी वापरातून होणाऱ्या लाभात स्थानिकांचा वाटा असतो, आणि गावातले पारंपरिक ज्ञान लोकजैवविविधता नोंदवहीत लिहिले जाते. वनस्पती दाखवणाऱ्या वैदूचे नाव, त्याची संमती असेल तर, शोधनिबंधातही यायला हवे.