बदकांचा बुजरेपणा

पाळीव बदक रोजच्या वस्तूंना, आवाजांना आणि माणसांच्या हालचालींना बिचकते. ही भीती थोडी थोडी करून मोडण्याच्या पद्धतीला बदक सरावणे म्हणतात. माणसाळणे आणि सरावणे यांत फरक आहे. हातातून दाणा खाणारे बदक माणसाळलेले असते, पण तेच बदक पावसाळ्याच्या पहिल्या दिवशी मालकाला रेनकोटात पाहून परसाच्या टोकाला पळते. म्हणजे रेनकोटाला ते सरावलेले नसते. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागांत परसात दोन-चार बदके सांभाळणाऱ्या घरांना हा फरक जूनमध्ये हमखास कळतो. कानडी शेजारी बदकाला बातुकोळी म्हणतात.

बुजण्याचे कारण

मस्कोव्ही सोडली तर पाळीव बदकांच्या सगळ्या जाती रानटी मॅलार्ड बदकापासून आल्या आहेत. बदकाचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे त्याला जवळजवळ चहूकडचे दिसते. मात्र एखादी गोष्ट निरखायची तर मान कलवून एकच डोळा तिच्यावर लावावा लागतो. आकाशात घार फिरू लागली की परसातली बदके आहेत तिथे थिजतात, प्रत्येक डोके एका अंगाला कलते आणि एक डोळा वर लागतो. डोक्यावरून येणारी हालचाल त्यांच्या लेखी शिकाऱ्याची असते. उघडणारी छत्री, उगारलेला खराटा, वाऱ्यावर फडफडणारी ताडपत्री, उचलायला वरून आलेला हात या सगळ्यांची भीती एकाच मुळाची आहे. जमिनीवरून सरपटणाऱ्या गोष्टींची भीती वेगळी. पाण्याचा पाइप त्या गटात येतो.

जातीप्रमाणेही फरक पडतो. इंडियन रनर आणि खाकी कॅम्पबेल चपळ व बुजरी असतात आणि एक पळाले की सगळी पळतात. पेकिन अंगाने जड आणि स्वभावाने शांत असते. मस्कोव्ही सहसा गोंधळ करत नाही, पण पकडताना तिची नखे जोरात ओरबाडतात.

लहानपण फार मोलाचे. अंड्यातून बाहेर आल्यावर पहिल्या दिवसातच पिल्लावर आईचा, किंवा समोर जे हलते त्याचा, ठसा बसतो, म्हणजे ते त्यालाच आई समजून मागे जाते. मॅलार्डच्या पिल्लांवरील मानसशास्त्रज्ञ एकहार्ट हेस यांच्या प्रयोगांत हा ठसा १३ ते १६ तासांच्या सुमारास सर्वांत पक्का बसलेला दिसला. पहिले दोन आठवडे रोज थोडा वेळ पिल्लांजवळ बसावे. एकटे पिल्लू मात्र कधीही वाढवू नये. ते माणसाला चिकटते, बदकांत रमत नाही आणि माणूस दिसेनासा झाला की ओरडत राहते. बदक कळपात धीर धरते. दोनपेक्षा कमी बदके असतील तर पुढचे सगळे श्रम बरेचसे वाया जातात.

भीती ओळखणे

घाबरलेले बदक मान काठीसारखी ताठ करते, पिसे अंगाला चापून घेते आणि चरणे थांबवते. निवांत बदक शेपूट हलवते, चोचीने पिसे साफ करते, चिखलात चोच घालून चाळत बसते. यातली सर्वांत भरवशाची खूण खाण्याची आहे. समोरच्या वस्तूपासून ज्या अंतरावर बदक दाणा टिपते, ते त्याचे सोसण्याचे अंतर. सरावाचे सारे काम त्या अंतरावर होते, त्याच्या आत नाही. गप्प बसलेले बदक सरावले असे धरणे ही सर्वांत मोठी चूक आहे. कोपऱ्यात कोंडून वस्तू पुढे धरली की बदक थिजते आणि मालकाला वाटते जमले. दुसऱ्या दिवशी ते दुप्पट अंतरावरून पळते.

सरावाची रीत

वेळ सकाळच्या दाण्याच्या आधीची किंवा संध्याकाळची निवडावी, एका वेळी पाचच मिनिटे, दिवसातून दोनदा. उपाशी ठेवू नये, फक्त पोट भरलेले नसावे. आमिष म्हणून सोललेले मटार, चिरलेला पालक, गांडुळे चालतात, पाव नको. कोरडी कणी किंवा भरडलेला जोंधळा द्यायचा असेल तर शेजारी पाणी हवेच, कारण बदक पाण्याशिवाय कोरडे नीट गिळू शकत नाही आणि घशात अडकते. मटार घमेल्यातल्या पाण्यात टाकणे सर्वांत सोयीचे. घमेले इतके खोल हवे की बदकाला डोके नाकपुड्यांसकट बुडवता यावे.

क्रम उलटा होऊ नये: आधी वस्तू दिसावी, मग खाऊ मिळावा. आधी खाऊ टाकून मागाहून वस्तू आणली तर बदक खाऊलाच धोक्याची सूचना समजू लागते आणि घमेले दिसले की पळते. वस्तू आली की मटार, वस्तू गेली की मटार बंद, इतके ते सरळ असावे.

पाइपचे उदाहरण घेऊ, कारण झाडांना पाणी घालताना तोच आडवा येतो. जुन्या पाइपचा वीतभर तुकडा कापून घमेल्यापासून दहा-बारा फुटांवर ठेवावा आणि तिथेच राहू द्यावा. बदके मान न ताठवता खाऊ लागली की रोज फूटभर जवळ आणावा. तो घमेल्याशेजारी आला की हातभर लांब तुकडा, पुन्हा लांबून सुरुवात. मग सरळ पसरलेला अख्खा पाइप, मग वेटोळे. वेटोळ्याची भीती सरळ पाइपपेक्षा जास्त असते, म्हणून तिथे दोन-तीन दिवस जास्त द्यावे. त्यानंतर लांबून अगदी हळू ओढणे, आणि शेवटी धारेचे पाणी. पाणी जमिनीवर साचू लागले की बहुतेक बदके आपण होऊन चोच घालायला येतात. चिखल हेच त्यांचे बक्षीस. दर टप्प्याला दोन ते चार दिवस लागतात. खाणे थांबले तर एक टप्पा मागे जावे. सुटी पडली तर भीती थोडी परत येते; तेव्हा दोन टप्पे मागून सुरू करावे, त्यात नाउमेद होण्यासारखे काही नाही.

छत्री मिटलेली, जमिनीवर आडवी ठेवून सुरू करावी आणि उघडताना ती बदकांकडे रोखू नये. रेनकोट मे महिन्यातच दोरीवर वाळत घालावा, म्हणजे जूनपर्यंत तो ओळखीचा होतो. खानापूरकडे पावसाळा चार महिने जोरात असतो, त्यामुळे ही तयारी लांबणीवर टाकता येत नाही. रेनकोट घातल्यावर नेहमीच्याच शब्दाने हाक द्यावी. घरचे ‘ये ये’ म्हणतात आणि कामाला येणारा गडी ‘बा बा’ म्हणतो, असे असेल तर दोन्हींतली एक हाक ठरवून सगळ्यांनी तीच वापरावी.

आवाज

कुकरची शिट्टी, मिक्सर, गल्लीतून जाणारी उसाची ट्रॉली, बेळगावच्या सांबरा विमानतळाकडची विमाने हे आवाज रोजचे आणि बऱ्यापैकी ठरावीक असतात. नियमित खाणे त्याच वेळी ठेवले तर आठ-पंधरा दिवसांत बदके लक्ष देईनाशी होतात. दिवाळीचे फटाके, गणपती आणि शिवजयंतीच्या मिरवणुकीतला डॉल्बी यांचे तसे नाही. फटाक्यांचा आवाज मोबाइलवर अगदी बारीक लावून महिनाभर आधीपासून वाढवत नेता येतो. डॉल्बीचा हादरा मोबाइलमधून येतच नाही, म्हणून त्यासाठी सराव न करता आसराच द्यावा: अंधार पडण्याआधी खुराड्यात घेणे, खाली भाताचे तूस जाड अंथरणे, रस्त्याकडच्या बाजूला पोते लावणे पण हवेची वाट मोकळी ठेवणे. आत पाणी ठेवावे.

रात्री मिट्ट काळोखात काहीतरी खुट्ट झाले की बदके एकदम उठून भिंतीवर आदळतात आणि एकमेकांच्या अंगावर पडतात. झिरो बल्ब लावला की हे बरेच थांबते. अशा धावपळीत पाय मुरगळतात, कारण बदकाचे पाय त्याच्या वजनाच्या मानाने नाजूक असतात. त्यामुळेच पायाला धरून बदक कधी उचलू नये. बाजूने, खाली बसून, दोन्ही पंख अंगाशी दाबून धरावे, एक हात पोटाखाली द्यावा, पायांना आधार असावा. धावून पकडलेले बदक आठवडाभर त्या माणसाला लांब ठेवते. पकडायचेच असेल तर दोन फळ्या धरून कोपऱ्याकडे सावकाश वळवावे.

सराव कधी थांबवावा

पिसे झडण्याच्या दिवसांत नवी पिसे रक्ताने भरलेली व दुखरी असतात. तेव्हा उचलण्याचा सराव बंद. अंड्यावर बसलेल्या मादीला छेडू नये. भर उन्हात चोच उघडी ठेवून धापणे हे भीतीचेही लक्षण आहे आणि उष्म्याचेही, म्हणून एप्रिल-मे महिन्यांत दुपारी सराव घेतला तर खूण वाचताच येत नाही. एरवी धीट असलेले बदक अचानक कोपरा धरून बसले, लंगडू लागले, खाईना झाले, तर ते घाबरलेले नाही, आजारी आहे. तळव्याला काळी खपली व सूज आहे का ते पाहावे आणि पशुवैद्याला दाखवावे. पिल्लांचे पाय लुळे पडत असतील तर खाद्यात नियासिन (ब-३ जीवनसत्त्व) कमी पडत असण्याची शक्यता मोठी असते. कोंबडीच्या पिल्लांच्या खाद्यातले नियासिन बदकाच्या पिल्लांना पुरत नाही.

काही भीती मोडायचीच नसते. भटके कुत्रे, मुंगूस, घार यांना पाहून पळणारे बदक जगते. घरच्या कुत्र्याशी बदकांची ओळख करून देताना कुत्रे साखळीला, बदके जाळीपलीकडे, आणि तेही फक्त त्या एका कुत्र्यापुरते. गल्लीतल्या कुत्र्याला खाऊ देत बदकांजवळ आणू नये.